अमेरिकेत लसीमुळे इजा झाली तर भरपाईचा दावा कसा करावा

अमेरिकेत लसीमुळे गंभीर इजा झाली, तर लस बनवणाऱ्या कंपनीवर किंवा ती टोचणाऱ्या फार्मासिस्टवर १,००० डॉलरपेक्षा जास्त रकमेचा दिवाणी दावा थेट करता येत नाही. आधी सरकारी योजनेत दावा करावा लागतो. तिचे नाव नॅशनल व्हॅक्सिन इंज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्रॅम, बोलताना सगळे व्हीआयसीपी म्हणतात. १९८०च्या दशकात डांग्या खोकल्याच्या लसीवरून इतके खटले उभे राहिले, की कंपन्या लस बनवणेच सोडू लागल्या. त्यावर उपाय म्हणून १९८६ साली कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून योजना सुरू झाली. पैसा येतो लसीवरच्या करातून. प्रत्येक डोसमागे, त्यातून जितके रोग टळतात तितके ७५ सेंट. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एका डोसमागे २.२५ डॉलर या निधीत जमा होतात.

अशी इजा दुर्मीळ असते. योजना चालवणाऱ्या एचआरएसए या सरकारी विभागाच्या हिशेबाने दर दहा लाख डोसांमागे साधारण एका व्यक्तीला भरपाई मिळते. पण ज्याच्या वाट्याला ती येते त्याचा हा हक्क आहे, आणि तो वापरण्यासाठी कुणाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. लस नीट टोचली होती, डॉक्टरांचे काही चुकले नाही, तरीही भरपाई मिळू शकते.

दावे बहुतेक वेळा बुडतात ते कागदावर. पहिले लक्षण कधी दिसले, इंजेक्शन कोणत्या दंडात दिले, त्रास सहा महिन्यांपुढे टिकला का, या तीन प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांच्या नोंदीत वेळच्या वेळी लिहिलेली असतील तर काम पुष्कळ सोपे होते. नसतील तर खरी इजा झालेला माणूसही वर्षानुवर्षे झगडत बसतो. म्हणून खाली मुदती आणि कागद यांवर जास्त भर आहे.

कोणती लस, कुठे घेतलेली

लस या योजनेत बसायला दोन अटी आहेत. सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्यसंस्थेने ती मुलांना किंवा गरोदर स्त्रियांना नेहमीची लस म्हणून सुचवलेली असावी आणि तिच्यावर वर सांगितलेला कर लागू असावा. लस घेणाऱ्याचे वय पाहिले जात नाही. त्यामुळे नातवंडाच्या जन्मासाठी नागपूरहून आलेल्या आजी-आजोबांनी फार्मसीत घेतलेली टीडॅपची (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांची एकत्र) किंवा फ्लूची लसही यात येते. कायद्यात नागरिकत्वाची अट नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसालाही दावा करता येतो. लस अमेरिकेत घेतलेली असली म्हणजे झाले. गरोदरपणी आईने घेतलेल्या लसीमुळे पोटातल्या बाळाला इजा झाली, तर २०१६च्या दुरुस्तीनंतर त्या बाळासाठीही दावा करता येतो.

यादीत येणाऱ्या लसी अशा: घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, गोवर-गालगुंड-रुबेला, पोलिओ, हिपॅटायटिस ए आणि बी, हिब, कांजिण्या, रोटाव्हायरस, न्यूमोकॉकल कॉन्जुगेट, मेनिंगोकॉकल, एचपीव्ही आणि दरवर्षीची फ्लूची लस. न येणाऱ्या लसींमध्ये आपल्याकडच्या कुटुंबांना लागणाऱ्या बऱ्याच आहेत: भारतात जाण्याआधी घेतलेली टायफॉइडची, जपानी एन्सेफलायटिसची किंवा रेबीजची लस, ज्येष्ठांची नागिणीची लस शिंग्रिक्स, आणि न्यूमोनियाची न्यूमोव्हॅक्स २३. कोविडची लस व्हीआयसीपीत नाही. तिच्यासाठी सीआयसीपी नावाची वेगळी योजना आहे, तिच्याबद्दल शेवटाकडे सांगितले आहे.

भारतात घेतलेल्या लसीचा दावा इथे सहसा चालत नाही. त्याला अपवाद आहेत, पण अरुंद. अमेरिकी सैन्यदलातले किंवा सरकारी नोकरीतले लोक आणि त्यांच्यावर अवलंबून असणारे यांना परदेशात दिलेली लस चालते. तसेच लस अमेरिकेतल्या उत्पादकाची असेल आणि घेणारी व्यक्ती सहा महिन्यांच्या आत अमेरिकेत परतली असेल तरीही चालते. न्यू जर्सीतले मूल उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला असताना घेतलेला डोस म्हणूनच तपासून पाहावा: खोक्यावरचे नाव, लॉट क्रमांक, उत्पादक. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची लस असेल तर ही अट पुरी होत नाही. आणि 'परतणे' हा शब्द न्यायालय काटेकोर घेते. बहामात जन्मलेल्या आणि उपचारांसाठी अमेरिकेत आणलेल्या बाळाचा दावा २०२० मध्ये फेडरल सर्किट या अपील न्यायालयाने नाकारला, कारण ते बाळ जन्मानंतर त्याआधी कधी अमेरिकेत राहिलेच नव्हते. भारतात जन्मलेले आणि पहिल्यांदाच अमेरिकेत आलेले बाळही याच पेचात सापडू शकते.

एकाच दिवशी दोन लसी घेतल्या असतील तर

ऑक्टोबर उजाडला की फार्मसीत फ्लू आणि कोविडची लस एकाच खेपेत दिली जाते. दुखणे जडलेला खांदा फ्लूच्या लसीचा असेल तर दावा व्हीआयसीपीत जातो, मुदत तीन वर्षे, वेदनांचेही पैसे. कोविडच्या लसीचा असेल तर सीआयसीपी, मुदत एक वर्ष, वेदनांचे पैसे नाहीत. दोन्ही लसी एकाच दंडात दिल्या असतील तर वाद ठरलेलाच. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए एकत्र घेतल्यावरही तेच होते, कारण पहिली यादीत नाही, दुसरी आहे.

त्यामुळे फार्मसीतून निघण्याआधी छापील नोंद मागून घ्या आणि तिच्यात लसीचे नाव, उत्पादक, लॉट क्रमांक, तारीख आणि डावा की उजवा दंड हे पाचही रकाने भरलेले आहेत का ते बघा. दंडाचा रकाना रिकामा राहणे किंवा संगणकाने सवयीने 'डावा' भरणे, हे वारंवार घडते. चूक दिसली तर तिथल्या तिथे दुरुस्त करून मागा. नंतर लक्षात आली तर फार्मसीला लेखी कळवा आणि डॉक्टरांच्या पहिल्याच भेटीत योग्य बाजू सांगून ती नोंदीत लिहून घ्या. फार्मसीच्या एकट्या रकान्यावर न्यायालय थांबत नाही. उपचार करणाऱ्या प्रत्येकाने सातत्याने उजवा खांदा लिहिला असेल, तर त्याला वजन मिळते.

मुदत

इजेसाठी: पहिले लक्षण दिसल्यापासून तीन वर्षे. मृत्यूसाठी: मृत्यूपासून दोन वर्षे आणि ज्या इजेने मृत्यू झाला तिच्या पहिल्या लक्षणापासून चार वर्षे, या दोन्हींच्या आत.

इथे सर्वांत जास्त फसगत होते. घड्याळ सुरू होते ते पहिल्या लक्षणापासून. निदान कधी झाले, लसीचा संबंध कधी कळला, याला किंमत नाही. २०११ मध्ये फेडरल सर्किटच्या पूर्ण पीठाने हे पक्के केले आहे. १० ऑक्टोबर २०२४ च्या रात्री खांदा दुखू लागला आणि एमआरआय जानेवारीत झाला, तरी मुदत १० ऑक्टोबर २०२७ लाच संपते. मूल अज्ञान आहे म्हणून ते अठरा वर्षांचे होईपर्यंत मुदत थांबते, हा समजही चुकीचा आहे. आईवडिलांनीच वेळेत दावा करायला हवा. आणि अर्ज टपालात टाकल्याची तारीख धरू नका. अर्ज यूएस कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स या न्यायालयाकडे करायचा असतो, आणि तो तिथल्या क्लार्ककडे पोहोचायला हवा.

लसींच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या व्हेअर्स या सरकारी यंत्रणेत इजा कळवली म्हणजे दावा झाला, असेही पुष्कळांना वाटते. ती नोंद लसींच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवण्यासाठी असते. ती जरूर करा, पण तिने मुदत थांबत नाही.

मुदतीला दुसरी बाजूही आहे. त्रास सहा महिन्यांहून जास्त टिकला पाहिजे, किंवा इजेमुळे रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रियाही झाली पाहिजे, किंवा मृत्यू झालेला असला पाहिजे. लस घेताच तीव्र ॲलर्जी आली, अतिदक्षता विभागात ठेवावे लागले आणि दोन दिवसांत माणूस ठणठणीत झाला, तर प्रसंग कितीही भयंकर असला तरी दावा बसत नाही. तेव्हा सहा महिने पुरे होण्याआधी अर्ज करू नका, आणि शेवटच्या महिन्यापर्यंत थांबूही नका. नोंदी जमवायलाच तीन-चार महिने जातात.

तक्त्यातली इजा आणि तक्त्याबाहेरची

सरकारचा एक तक्ता आहे. त्यात लस, इजा आणि ती किती वेळात सुरू झाली पाहिजे हे दिलेले असते. तुमची इजा त्यात नेमकी बसली, तर लसीमुळेच झाली असे गृहीत धरले जाते आणि दुसरे कारण दाखवण्याची जबाबदारी सरकारवर येते. नेहमी लागणाऱ्या काही नोंदी अशा आहेत:

— इंजेक्शनमुळे खांद्याला झालेली इजा, जिला सिर्वा म्हणतात: ४८ तासांच्या आत.
— फ्लूच्या लसीनंतर जीबीएस, म्हणजे नसांना इजा होऊन हातपाय अशक्त होणारा गिया-बारे सिंड्रोम: ३ ते ४२ दिवस.
— तीव्र ॲलर्जी, म्हणजे ॲनाफायलॅक्सिस: ४ तासांच्या आत.
— लस टोचल्यावर चक्कर येऊन पडणे: १ तासाच्या आत. पडल्याने झालेली दुखापत सहा महिन्यांपुढे टिकली तरच हे उपयोगी.
— धनुर्वाताच्या लसीनंतर दंडाच्या नसांचा दाह: २ ते २८ दिवस.
— रोटाव्हायरसच्या लसीनंतर बाळाच्या आतड्यात आतडे शिरणे: १ ते २१ दिवस.
— गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीनंतर मेंदूला इजा: ५ ते १५ दिवस. डांग्या खोकल्याच्या लसीनंतर: ७२ तास.

सिर्वा आणि फ्लूनंतरचा जीबीएस हे दोन्ही तक्त्यात मार्च २०१७ मध्ये आले. तक्ता बदलत असतो आणि अर्ज दाखल होतो त्या दिवशी लागू असलेला तक्ता धरला जातो, म्हणून एचआरएसएच्या संकेतस्थळावर तो त्या आठवड्यात पुन्हा पाहा. तक्त्यात नव्या इजेची भर पडली तर जुन्या रुग्णांनाही एक दार उघडते: बदल लागू होण्याआधीच्या आठ वर्षांत इजा झाली असेल, तर बदलापासून दोन वर्षांत अर्ज करता येतो.

जीबीएस हा शब्द २०२५ च्या सुरुवातीला पुण्यातल्या साथीमुळे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. पोटाच्या संसर्गातूनही हा आजार होतो, आणि सरकारी बाजू नेमके तेच शोधते: लक्षणांच्या आधीच्या काही आठवड्यांत जुलाब झाले होते का, ताप-खोकला होता का. असे काही झाले असेल तर लपवू नका. नोंदीत ते सापडतेच आणि सापडल्यावर बाकीच्या सांगण्यावरचा विश्वास उडतो. झाले नसेल, तर तेही दाखल होतानाच्या नोंदीत यायला हवे. शिवाय अशक्तपणा पुढे वाढतच राहिला आणि डॉक्टरांनी निदान सीआयडीपी (नसांचा दीर्घकाळ चालणारा तसाच आजार) असे बदलले, तर तक्त्यातला जीबीएस लागू होत नाही.

तक्त्याबाहेरच्या इजेसाठी लसीचा संबंध स्वतः सिद्ध करावा लागतो. 'अल्थेन' या २००५ च्या निकालापासून त्याचे तीन भाग मानले जातात. या लसीने अशी इजा कशी होऊ शकते याचे वैद्यकीय स्पष्टीकरण, या रुग्णात ती तशीच झाली हे दाखवणारा कार्यकारणाचा धागा, आणि त्या स्पष्टीकरणाला साजेसा कालावधी. पुरावा निर्विवाद असण्याची गरज नाही. 'असे झाले असण्याची शक्यता जास्त' इतके पटले पाहिजे. पण त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरचा लेखी अहवाल जवळजवळ नेहमी लागतो.

खांद्याच्या इजेची नोंद कशी करून घ्यावी

अलीकडच्या दाव्यांत सर्वांत जास्त दावे खांद्याचे असतात. सुई दंडाच्या फार वर गेली तर औषध स्नायूऐवजी खांद्याच्या सांध्याभोवतीच्या पिशवीत जाते आणि तिथे सूज धरते. चार गोष्टी लागतात: त्या खांद्याला आधी असा त्रास नव्हता, दुखणे ४८ तासांत सुरू झाले, दुखणे आणि हालचालीतली अडचण त्याच खांद्यापुरती आहे, आणि त्याचे दुसरे कारण दिसत नाही.

लस घेतल्यावर दोन-चार दिवस दंड दुखतोच, म्हणून माणूस थांबतो. मग सुट्ट्या येतात, भारताची फेरी होते आणि डॉक्टरांकडे पहिली भेट तीन महिन्यांनी पडते. तिथे नोंद होते, 'काही आठवड्यांपासून खांदा दुखतो.' लसीचा उल्लेख नाही, तारीख नाही. हे एक वाक्य पुढे दोन वर्षांचा वाद लावते.

म्हणून आठवडाभरात दुखणे कमी झाले नाही तर डॉक्टरांच्या पोर्टलवर चार ओळींचा संदेश पाठवा: अमुक तारखेला, अमुक फार्मसीत, उजव्या दंडात फ्लूची लस घेतली, त्याच संध्याकाळी दुखू लागले, हात खांद्याच्या वर जात नाही. त्यावर तारीख-वेळ आपोआप पडते, आणि असा संदेश वैद्यकीय नोंदीचा भाग बनतो. भेटीत हेच शब्द पुन्हा सांगा आणि हात किती अंशांपर्यंत उचलता येतो ते मोजून लिहायला सांगा. नुसत्या वेदनेवर भागत नाही, हालचाल कमी झाल्याचे दिसायला हवे. दुसऱ्या तक्रारीसाठी मधे कुठे गेलात, रक्तदाब किंवा दात, तिथेही खांदा दुखतो हे सांगा. 'इतर तक्रार नाही' अशी एक नोंद सरकारी बाजू पानासकट काढून दाखवते.

आपल्याकडच्या ज्येष्ठांत मधुमेह पुष्कळ, आणि मधुमेहात खांदा आपोआपही गोठतो. सरकारी बाजू हा मुद्दा घेणारच. त्याला उत्तर वेळेचे असते: लसीआधी खांदा ठीक होता, लसीच्या रात्रीपासून दुखायला लागला आणि फक्त तोच खांदा. मान आणि हातभर मुंग्या येत असतील तर मानेच्या मणक्याची तपासणी करून घ्यावी, कारण मानेतून येणारे दुखणे सिर्वात बसत नाही.

सहा महिन्यांचा पुरावाही खांद्याच्या दाव्यात सहज निसटतो. फिजिओथेरपी चार महिन्यांनी संपते, इन्शुरन्स पुढची सत्रे नाकारतो, माणूस घरी व्यायाम करत राहतो. कागदावर मात्र तो चौथ्या महिन्यात बरा झालेला दिसतो. त्रास खरोखर उरला असेल तर सातव्या-आठव्या महिन्यात एकदा डॉक्टरांना दाखवाच.

कागद जमवणे

प्रौढांसाठी लसीच्या आधीच्या तीन वर्षांपासून आजपर्यंतच्या सगळ्या नोंदी लागतात. लहान मुलासाठी आईच्या गरोदरपणापासूनच्या, जन्माच्या, प्रत्येक तपासणीच्या आणि लसीकरणाच्या. 'सगळ्या' म्हणजे इजेशी संबंध नसलेल्याही. जुन्या खांदेदुखीची नोंद वगळली, तर ती पुढे निघतेच.

अमेरिकेतल्या दवाखान्यांना मागणीनंतर ३० दिवसांत नोंदी द्याव्या लागतात. संक्षिप्त सारांश देऊ करतील, तो नको; पूर्ण फाइल मागा आणि रुग्णालयाच्या बाबतीत नर्सिंगच्या नोंदीही मागा. लक्षण कधी सुरू झाले याची सर्वांत नेमकी ओळ बऱ्याचदा तिथेच असते.

आईबाबा भारतात परतले असतील तर काम वाढते. आपल्याकडे बाह्यरुग्ण विभागाचा केसपेपर रुग्णाच्याच हातात देतात आणि बहुतेक दवाखाने प्रत ठेवत नाहीत. म्हणून प्रत्येक भेटीचा कागद, तारीख आणि शिक्क्यासह, त्याच दिवशी मोबाइलवर स्कॅन करून ठेवायला त्यांना सांगा. फॅमिली डॉक्टरांनी नुसती गोळ्यांची नावे लिहिली असतील, तर तक्रार आणि तपासणीत काय दिसले ते दोन ओळींत लिहून द्यायची विनंती करा. रुग्णालयात दाखल झाले असतील, तर भारतातल्या वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. मराठीतल्या कागदांना इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचे सहीनिशी प्रमाणपत्र जोडा.

बिले वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. इन्शुरन्सने किती भरले, तुम्ही किती, हे दाखवणारे पत्रक प्रत्येक बिलाशी टाचून. भारतातला खर्च रुपयांतल्या पावत्यांसह, आणि मेडिक्लेममधून काही परत मिळाले असेल तर तेही. इन्शुरन्सने दिलेली रक्कम योजना पुन्हा देत नाही.

याशिवाय इजा झालेल्या व्यक्तीचे आणि घरातल्या एका-दोघांचे लेखी निवेदन लागते. त्यासाठी नोटरीची गरज नाही; 'हे खरे असून खोटे ठरल्यास शिक्षेस पात्र' अशा अर्थाचे ठरलेले इंग्रजी वाक्य आणि तारखेसह सही पुरते. सही भारतात होणार असेल तर त्या वाक्यात 'अमेरिकेच्या कायद्यांखाली' हे शब्द इंग्रजीत असलेच पाहिजेत. ते राहिले तर निवेदन पुन्हा पाठवावे लागते. निवेदनात मोठी विशेषणे नकोत. पोळ्या लाटता येत नाहीत, केसांना कंगवा लागत नाही, बसच्या दांड्याला धरता येत नाही, अमक्या महिन्यापासून नातवाला उचलता आले नाही, असे लिहा. त्या दिवशीचे व्हॉट्सॲप संदेश असतील तर तारखेसह जोडा. पण नुसत्या निवेदनावर भरपाई देता येत नाही, असे कायदाच सांगतो. त्याला वैद्यकीय नोंदीचा किंवा तज्ज्ञाच्या मताचा आधार हवाच.

वकील आणि अर्ज

वकील घ्या. या योजनेत त्याचा खर्च तुमच्या खिशातून जात नाही. दावा हरला तरी, तो सचोटीने आणि पुरेशा आधारावर केलेला असेल, तर वकिलाची वाजवी फी आणि तज्ज्ञाचा खर्च न्यायालय निधीतून देते. त्यापलीकडे वकिलाला तुमच्याकडून फी घेता येत नाही आणि भरपाईत टक्केवारी तर मुळीच मागता येत नाही. अपघाताच्या दाव्यांत मुरलेला शेजारचा वकील तिसरा हिस्सा मागत असेल, तर त्याला या योजनेची माहिती नाही असे समजा. न्यायालयाच्या संकेतस्थळावर लसीचे दावे घेणाऱ्या वकिलांची यादी आहे. वकील तुमच्याच राज्यातला असण्याची गरज नाही. मुदतीला सहा महिन्यांहून कमी उरले असतील तर पहिल्याच फोनवर ते सांगा. पुष्कळ वकील अशी प्रकरणे नाकारतात.

अर्ज जातो वॉशिंग्टनमधल्या यूएस कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्सकडे. त्यात कोण, कोणती लस, कधी, कुठे, कोणती इजा, पहिले लक्षण कधी, सहा महिन्यांची अट कशी पुरी होते, आणि याच इजेसाठी आधी दिवाणी दाव्यातून पैसे मिळालेले नाहीत हे लिहायचे. प्रत्येक विधानापुढे पुराव्याच्या कागदाचा क्रमांक आणि पान. शुल्क ४०५ डॉलर आहे, ऐपत नसल्यास माफीचा अर्ज करता येतो. वकिलाशिवाय कागदी अर्ज करणाऱ्याने मूळ प्रत आणि दोन प्रती न्यायालयाला आणि एक प्रत आरोग्य खात्याच्या सचिवांच्या नावे एचआरएसएला पाठवायची. ही शेवटची प्रत विसरली जाते.

अर्जानंतर

प्रकरण 'स्पेशल मास्टर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या न्यायाधिकाऱ्याकडे जाते. खांदा आणि फ्लूनंतरचा जीबीएस यांची साधी प्रकरणे वेगळ्या जलद विभागात जातात. एचआरएसएचे डॉक्टर नोंदी वाचतात आणि न्याय खात्याचे वकील सरकारची भूमिका लेखी मांडतात. सरकारने दावा मान्य केला तर फक्त रकमेचा प्रश्न उरतो. मान्य केला नाही तर तडजोड होते किंवा सुनावणी. भरपाई मिळालेल्या प्रकरणांपैकी साठ टक्क्यांच्या आसपास तडजोडीतून सुटलेली आहेत, आणि त्यात सरकार लसीचा दोष मान्य करत नाही. सगळ्याला साधारण दोन-तीन वर्षे धरून चाला, तक्त्याबाहेरच्या इजेला आणखी.

रक्कम अशी ठरते. वेदना आणि मानसिक त्रासासाठी जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर. १९८६ पासून ही मर्यादा बदललेली नाही. मृत्यूसाठी २,५०,००० डॉलर. बुडालेली कमाई, आणि इन्शुरन्सने न भरलेला झालेला आणि पुढे होणारा उपचाराचा खर्च यांना अशी ठरावीक मर्यादा नाही. पुढच्या खर्चात पुनर्वसन, उपकरणे आणि घरी लागणारी शुश्रूषा येते, आणि मोठ्या इजेत त्यासाठी जन्मभराच्या गरजांचा तक्ता बनवतात. तो घाईत मान्य करू नका. मुलाच्या नावे रक्कम मिळणार असेल तर राज्याच्या न्यायालयाकडून आईवडिलांपैकी एकाची मालमत्तेचा पालक म्हणून नेमणूक लागते. त्याला काही महिने जातात, तेव्हा रकमेची बोलणी सुरू होताच ते काम हाती घ्या.

कोविडच्या लसीसाठी

सीआयसीपी हे न्यायालय नाही. एचआरएसएमधले अधिकारीच निर्णय देतात. मुदत लस घेतल्याच्या तारखेपासून एक वर्ष, लक्षणापासून नव्हे. पूर्ण अर्ज तयार नसेल तर वर्षाच्या आत नुसते इरादापत्र पाठवले तरी मुदत सांभाळली जाते आणि नोंदी मागाहून देता येतात. इजा गंभीर शारीरिक असावी लागते, म्हणजे रुग्णालयात दाखल करण्याजोगी किंवा शरीराची क्षमता ठळकपणे घटवणारी. न भरलेला उपचाराचा खर्च, बुडालेली कमाई (वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत) आणि मृत्यू झाल्यास वारसांना लाभ इतकेच मिळते. वेदनांचे पैसे नाहीत, वकिलाची फी मिळत नाही. नकार आला तर ६० दिवसांत फेरविचार मागता येतो, त्यापुढे न्यायालयात जाता येत नाही. त्यामुळे पहिल्याच अर्जाला सगळे कागद लावा.

निकालानंतरच्या मुदती

व्हीआयसीपीत स्पेशल मास्टरचा निकाल पटला नाही तर ३० दिवसांत कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्सच्या न्यायाधीशांकडे पुनरावलोकन मागता येते, आणि तिथून ६० दिवसांत फेडरल सर्किटकडे अपील. अंतिम न्यायनिर्णय झाल्यावर तो स्वीकारायचा की नाकारून दिवाणी न्यायालयात जायचे हे ९० दिवसांत लेखी कळवायचे असते. नाकारण्याआधी वकिलाशी नीट बोला: लसीच्या रचनेतच दोष आहे असा दावा कंपनीवर करण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये 'ब्रूसेविट्झ विरुद्ध वायेथ' प्रकरणात बंद केला आहे, त्यामुळे बाहेर फारसे उरलेले नाही.

आणि निकाल न्यायालयाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक होतो. अज्ञान मुलांची फक्त आद्याक्षरे दिसतात, पण प्रौढांचे पूर्ण नाव आणि आजाराचा तपशील तिथे राहतो आणि नाव शोधले की सापडतो. वैद्यकीय किंवा खासगी मजकूर झाकून घ्यायचा असेल तर निकालानंतर १४ दिवसांच्या आत तसा अर्ज करावा लागतो.